कायदा कोणत्या तारखेपासून?

शिरोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत माझी उमेदीची वर्षं गेली. गावात मास्तर किंवा बाई म्हणजे कागद वाचणारं माणूस. तलाठ्याची नोटीस आली, सोसायटीचं वसुलीचं पत्र आलं, लेकीच्या सासरकडून वकिलाची नोटीस आली की शाळा सुटायच्या वेळेला कुणीतरी व्हरांड्यात येऊन उभं राही. ‘बाई, एवढं वाचून सांगा.’ मी वाचून सांगत असे. पुढचा प्रश्नही ठरलेला असे, ‘मग आता काय करायचं?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नसे. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, २०२२ साली तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दिली आणि कोल्हापूरच्या एका कॉलेजात नाव घातलं. वर्गात बहुतेक मुलं मी शिकवलेल्या मुलांच्या वयाची. ती मला मॅडम म्हणत आणि पहिल्या बाकावरची जागा धरून ठेवत.

समाज बदलतो तसा कायदा बदलतो, हे वाक्य आमच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात होतं. तीन वर्षांनंतर माझं म्हणणं असं आहे की त्या वाक्यापुढे ‘कोणत्या तारखेपासून?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय ते शिकवूच नये. प्रत्येक नव्या कायद्याला एक तारीख असते. त्या तारखेच्या अलीकडे काही माणसं असतात, पलीकडे काही. आपल्यासमोर बसलेलं माणूस कुठल्या बाजूला आहे, हे ज्याला शोधता येतं त्याला कायदा आला असं मी समजते.

विधिशास्त्राच्या सुरुवातीच्या तासालाच सरांनी विषय काढला तो आमच्या तालुक्यातला. त्याच वर्षी मे महिन्यात हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं होतं. सरांनी विचारलं, ‘हा ठराव म्हणजे कायदा आहे का?’ पुस्तकाप्रमाणे उत्तर सोपं होतं. इंग्रज विधिज्ञ जॉन ऑस्टिनच्या मते कायदा ही सार्वभौमाची आज्ञा आणि तिच्यामागे शिक्षेचा धाक हवा. ठराव मोडला तर शिक्षा नाही, म्हणजे तो कायदा नाही. बऱ्याच मुलांनी तेच सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे काका आदल्या महिन्यात वारले होते. ‘सर, आमच्या घरात कुणी काकूच्या बांगड्यांना हात लावला नाही. ठराव झालाय म्हणाले सगळे.’ वर्ग गप्प झाला.

सरांनी फळ्यावर तीन सालं लिहिली. १८५६, १९१७, २०२२. १८५६ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीतून हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. विवाह वैध ठरला, पण त्याच कायद्याच्या कलम २ने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपवला. संस्थानांना ब्रिटिश हद्दीतला तो कायदा लागू नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा स्वतंत्र कायदा केला. आणि त्याच मुलुखातल्या एका गावाला एकशे पाच वर्षांनी बांगड्या फोडू नका असा ठराव करावा लागला. कायदा आधी की समाज आधी, यावर त्या दिवशी तास संपून गेल्यावरही वाद चालला. माझ्या मते हेरवाडचा ठराव हे त्या वादातलं फार मोलाचं उदाहरण आहे, कारण तो वरून आलेला नाही. गावाने स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. त्यात दंड नाही ही त्याची उणीव आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

फौजदारी कायद्याच्या विषयात मथुरा खटला आला. नाव ऐकलेलं होतं, निकाल पहिल्यांदा वाचला. २६ मार्च १९७२ची रात्र, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. मथुरा नावाची चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी आणि तिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप असलेले दोन पोलीस. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, यावरून तिची संमती असल्याचं धरलं गेलं. हा विषय शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी निकालातला तो भाग एका मुलाला मोठ्याने वाचायला लावला. दोन परिच्छेद झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘बाई, पुढचं दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा.’

त्यानंतर बाईंनी जे सांगितलं ते मला कायद्याच्या शिक्षणातलं सगळ्यात मोठं वाटतं. त्या निकालाविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते कायदा शिकवणाऱ्या चौघांनी. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. शरण जाणं म्हणजे संमती देणं नव्हे, हा त्यांचा मुद्दा. शिकवणाऱ्या माणसांनी निकाल वाचला, तो चुकलाय असं म्हणण्याचं धाडस केलं आणि कारणांसह लिहून दिलं. मग देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी आणि जास्त कडक शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं न्यायालयात सांगितलं, तर ती नव्हती असंच धरून चालावं, असं पुरावा कायद्यात ११४-अ कलम आलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली.

मी विचारलं, ‘मग मथुरेचं काय झालं?’ बाई म्हणाल्या, ‘तिच्या खटल्याचा निकाल आहे तसाच राहिला.’ नवा गुन्हा किंवा वाढीव शिक्षा मागच्या तारखेपासून लावता येत नाही, संविधानाच्या अनुच्छेद २०(१)चं ते संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं हेही मला पटतं. तरी तिच्यामुळे झालेला कायदा तिच्या नंतरच्या बायकांसाठी होता, तिच्यासाठी नव्हता, हे वहीत लिहिताना हात जड झाला.

कौटुंबिक कायद्याच्या तासाला मला माझी स्वतःची तारीख सापडली. हिंदू वारसा कायदा १९५६चा. मुलीला बापाच्या हिश्शात वाटा त्यातही होता, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून तो दिला. राज्याचं पहिलं महिला धोरण त्याच वर्षीचं. केंद्राच्या अकरा वर्षं आधी आपण हे केलं याचा अभिमान बाळगावा असंच ते पाऊल होतं. पण अट अशी की २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुलीला हे लागू नाही. माझं लग्न १९९३चं. सरांनी अट वाचली तेव्हा त्या वर्गात, शिकवणारे सर धरून, त्या अटीच्या पलीकडे उभी असलेली मी एकटीच होते.

९ सप्टेंबर २००५ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. मग वाद निघाला तो बापाच्या मृत्यूचा. २०१५ साली प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्या दिवशी बाप हयात असला पाहिजे. २०१८ साली दानम्मा खटल्यात बाप २००१ साली वारलेला असूनही मुलींना हिस्सा दिला. दोन्ही पीठं दोन न्यायाधीशांची. खालच्या कोर्टांनी कुणाचं ऐकायचं? अखेर ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो, बाप २००५ साली जिवंत होता की नव्हता याचा संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते मोडता येणार नाही. तोंडी वाटप झालं होतं ही सबब सहसा चालणार नाही.

सर हा विषय गणितासारखा शिकवत. त्यांचं आवडतं उदाहरण गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम, १९७८. खंडाप्पा वारले, मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. आधी असं कल्पायचं की मरणाच्या क्षणापूर्वी वाटप झालं. नवरा, बायको आणि दोन मुलगे, चौघांना पाव-पाव. मग नवऱ्याच्या पाव हिश्शाचे सहा वारसांत सहा भाग. हिराबाईंना आधीचा पाव आणि वर एक चोविसांश, मिळून २४ पैकी ७ भाग. ‘बायकोचा कल्पित हिस्सा धरायला विसरू नका,’ सर दर वेळी खडू आपटून सांगत. शाळेत मी अपूर्णांक शिकवत असे तेव्हा भाकरीचे तुकडे काढत असे. इथे तेच अपूर्णांक जमिनीचे होते. मी हौसेने पानंच्या पानं उदाहरणं सोडवली. त्याचा उपयोग पुढे झाला.

तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर, १ जुलै २०२४ला, पहिल्या वर्षी पाठ केलेली दंडसंहिताच गेली. भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमं आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). विवाहितेच्या छळाचं ४९८-अ ८५ आणि ८६मध्ये गेलं. जुन्या वकिलांच्या तोंडातले आकडे बदलेनात. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये ‘तीनशे दोन म्हणजे आताचं किती?’ हे महिनाभर ऐकू येत होतं. काही मुलं वैतागली, तीन वर्षांत दोन कायदे का शिकायचे म्हणून. मला मात्र ही संधी वाटली. आमच्या बाईंनी दोन रकान्यांचा तक्ता करायला लावला आणि सांगितलं, ‘नंबर बदललाय तिथे खूण नको. मजकूर बदललाय तिथेच तांबडी खूण करा.’ तांबड्या खुणा अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या. व्यभिचाराचं ४९७ नाही, कारण ते २०१८ सालीच घटनाबाह्य ठरलं होतं. जमावाने जात, समुदाय अशा कारणांवरून केलेली हत्या वेगळी नोंदली गेली. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवण्याचं ६९ कलम नवं. अनैसर्गिक संभोगाचं ३७७ पूर्ण वगळलं, त्यामुळे प्रौढ पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर तिच्यासाठी वेगळं कलमच उरलं नाही. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार नाही, हा अपवाद तसाच ठेवला. समाज बदलल्याची दखल कायद्याने कुठे घेतली आणि कुठे टाळली, हे त्या तक्त्यावर एका नजरेत दिसत होतं. आणि पुन्हा तारीखच. ३० जूनच्या रात्री घडलेल्या गुन्ह्याला जुनी संहिता, १ जुलैच्या पहाटेच्या गुन्ह्याला नवी. जुने खटले अजून काही वर्षं तरी चालतील, त्यामुळे दोन्ही संहिता टेबलावर ठेवूनच काम करावं लागतं.

इथे एक तक्रार करायलाच हवी. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे शेवटच्या वर्षाला प्रत्यक्ष कामाचा एक विषय असतो. तीन अभिरूप न्यायालयं म्हणजे लुटुपुटीचे खटले, दोन खटल्यांचं निरीक्षण, पक्षकाराची मुलाखत घेण्याचा सराव आणि या सगळ्याची जर्नल. कागदावर हा सगळ्यात चांगला विषय. प्रत्यक्षात आमच्याकडे आदल्या वर्षीच्या जर्नल हातोहात फिरत. कोर्टाची पायरी न चढता खटल्याचं निरीक्षण लिहिलं जाई आणि सहीही होई. मुलाखतीचा सराव म्हणजे एकाने पक्षकार व्हायचं, दुसऱ्याने वकील, आणि पक्षकाराने तारखांसकट सगळी हकिगत क्रमाने सांगायची. असा पक्षकार मला अजून भेटलेला नाही. ही कुणा एका कॉलेजची गोष्ट नाही, म्हणून नाव घेत नाही. पण यात नुकसान मुलांपेक्षा त्यांच्याकडे पुढे येणाऱ्या माणसांचं आहे, आणि त्याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही.

मी आमच्या बाईंकडून चिठ्ठी घेऊन तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवरच्या एका वकीलबाईंकडे गेले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. त्यात बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे अजून कितीतरी जणींना ठाऊक नसतं. वकीलबाईंनी मला टेबलाच्या कोपऱ्यावर खुर्ची दिली आणि म्हणाल्या, ‘तुम्ही बोलतं करा. लिहून माझ्याकडे द्या.’

तिथे आक्का आल्या. साठीच्या आसपासच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात हक्कसोडपत्राचा टाइप केलेला मसुदा. भाऊ साडी-चोळी घेऊन आले होते. मंगळवारी गाडी पाठवतो, रजिस्ट्रार ऑफिसला येऊन सही कर, म्हणाले होते. जमीन विकायची होती आणि घेणाऱ्याच्या वकिलाने बहिणींची हक्कसोड मागितली होती. आक्कांनी विचारलं, ‘सही केल्यावर पुन्यांदा मागता येतंय का?’ मी सांगितलं, फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केली तरच, आणि ते फार अवघड. त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

‘वडील कधी वारले?’

‘लई वर्सं झाली.’

‘महापुराच्या आधी की नंतर?’

‘कुठल्या महापुराच्या, बाई?’

आमच्याकडे हा प्रश्न रास्त आहे. २००५चा पूर आणि २०१९चा पूर. २००५चा पूर जुलै-ऑगस्टचा, आणि कायद्याची तारीख त्यानंतर लगेच, ९ सप्टेंबरची. आक्का म्हणाल्या, पहिल्या महापुराच्या कितीतरी आधी. धाकट्या बहिणीच्या पोराचं बारसं झालं त्याच साली. धाकटीचं लग्न कधी? त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी. त्यांचं स्वतःचं? ते मात्र पक्कं होतं, लग्नपत्रिका ट्रंकेत होती. दुसऱ्या खेपेला त्या पत्रिका, मृत्यूचा दाखला आणि फेरफारांच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदींच्या, नकला घेऊन आल्या. आक्कांचं लग्न १९८७, धाकटीचं १९९६, वडील वारले १९९८.

मी कागद घेतला. आजोबांपासून आलेली पाच एकर बागायत, म्हणजे २०० गुंठे. आई हयात, दोन भाऊ, दोन बहिणी. १९९४च्या कायद्याने धाकटी हिस्सेदार, कारण तेव्हा ती अविवाहित, थोरली नाही. म्हणजे कल्पित वाटपात वडील, आई, दोन भाऊ, धाकटी असे पाच जण. प्रत्येकी ४० गुंठे. मग वडिलांच्या ४० गुंठ्यांचे पाच वारसांत आठ-आठ. आई, दोघं भाऊ आणि धाकटी, प्रत्येकी ४८. आक्कांना ८. एका आईच्या दोन लेकी, एकीला ४८ आणि एकीला ८, मधे फक्त एक तारीख. त्यातही बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे असल्याने आठ गुंठ्यांचा वेगळा तुकडा हातात यायचाही नाही. २०१५च्या निकालानंतर आक्का कोर्टात गेल्या असत्या तर इथपर्यंतच पोचल्या असत्या. २०२०च्या निकालाने आक्काही जन्मापासून हिस्सेदार. आता कल्पित वाटपात सहा जण, वडिलांचा सहावा हिस्सा पाच वारसांत, आणि बेरीज केली की पाचही जणांना बरोबर ४० गुंठे. मी दोनदा पडताळून पाहिलं.

‘म्हंजे एक एकर?’ आक्कांनी विचारलं. मग बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, ‘एकर घेतला तर दिवाळीला मला कोण बोलवंल?’

या प्रश्नावर आमच्या अभ्यासक्रमात एकही प्रकरण नाही. मी उत्तर दिलं नाही. मंगळवारी सही करू नका, एवढंच सांगितलं, आणि वकीलबाईंनी ते दुजोरा देऊन पक्कं केलं.

फेरफार वाचले तेव्हा खरा पेच दिसला. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, त्यात भाऊ भोगवटादार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, आणि आई व दोन्ही बहिणी बाजूच्या इतर हक्काच्या रकान्यात. २००३ साली भावाभावांनी वाटपाची वर्दी, म्हणजे वाटप झाल्याची खबर, तलाठ्याकडे दिली आणि त्याने फेरफार धरला. भावांचे वकील म्हणणार, २० डिसेंबर २००४च्या आधीचं वाटप आहे, हात लावता येणार नाही. उत्तर असं की वर्दी म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे आणि हुकूमनामाही नव्हे. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी येत नाही आणि जातही नाही. विनीता शर्मा निकाल कॉलेजात आम्हाला तोंडपाठ होता. पण वर्दी म्हणजे काय, इतर हक्कात नाव असणं म्हणजे काय, यातलं एक अक्षर कुणी शिकवलं नव्हतं. तीन न्यायाधीशांच्या त्या निकालाला आक्कांपर्यंत पोचायचं तर वाट तलाठी कार्यालयातूनच जाते. ही वाट वकिलाला दिसली नाही तर निकाल ग्रंथालयातच राहतो.

वाटपाचा दावा दाखल झाला. सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीची चांगली-हलकी प्रत पाहून, वाटप होऊन एक पंचमांश हिश्शाचा स्वतंत्र कब्जा मिळावा, आणि तोवर विक्रीला मनाई व्हावी. मसुदा वकीलबाईंचा, तारखांचा तक्ता माझा. धाकटी प्रतिवादी. सगळे हिस्सेदार दाव्यात हवेतच. पहिल्या तारखेला ती भावांबरोबर एकाच गाडीतून आली आणि आक्कांकडे तिने पाहिलंही नाही. मनाई मिळाली, विक्री थांबली. वकीलबाईंनी आक्कांना पुढची वाट स्पष्ट सांगितली. आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग शेतसाऱ्याची जमीन म्हणून प्रत्यक्ष वाटपासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग मोजणी, मग कब्जा, आणि मधे अपिलं. अपिलासाठी निदान मुंबई गाठावी लागणार नाही, १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तरी वर्षं जाणारच.

याच काळात माझी परीक्षा झाली, निकाल लागला, सनदेचा अर्ज केला. ३० जुलै २०२४च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलं आहे तेवढंच घ्यायला सांगितलं. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. आधी ही रक्कम हजारांत जात असे. माझ्याबरोबरच्या दोन मुलांनी केवळ त्यामुळे त्याच वर्षी सनद घेतली, नाहीतर त्यांनी आधी कुठेतरी नोकरी धरली असती.

आक्कांच्या दाव्यात तडजोडीची बोलणी सुरू झाली ती आईमुळे. ऐंशी ओलांडलेली ती बाई वकीलबाईंसमोर म्हणाली, ‘माझा बी वाटा हाय का न्हाई त्यात?’ आहे, आणि तोही ४० गुंठ्यांचा, हे कळल्यावर भाऊ नरमले. धाकटीही बोलती झाली, थोरलीला मिळणार तर मला का नको. शेवटी २०२५च्या अखेरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठरलं. दोन्ही बहिणींना रस्त्याला लागून प्रत्येकी २० गुंठे, आईचं नाव भोगवटादार सदरी, उरलेली जमीन भावांकडे, आणि आक्कांच्या नातवाच्या लग्नाचा आहेर भावांनी करायचा. हे शेवटचं कलम तडजोडनाम्यात आलं नाही, पण सगळ्यांसमोर बोलून झालं.

मला ते पटलं नव्हतं. कायद्याने ४० दिलेत, २० का सोडायचे? मी आक्कांना बाजूला घेऊन तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, ‘ईस माझं नावावर, ईस माझं माहेरात. हिशेब बरोबर हाय, बाई.’ वकीलबाईंनी मला मागे ओढलं. दावा आक्कांचा आहे, त्या समजून-उमजून ठरवतायत, आपलं काम त्यांना ४० माहीत आहेत ना हे पाहण्याचं. ते काम झालं होतं. तरीही माझं मत बदललेलं नाही. बहिणीने अर्धं सोडलं की समजूतदार आणि भावाने अर्धं दिलं की उदार, ही आपली मापं चुकीची आहेत, असं मी आजही कुठल्याही पंगतीत सांगेन.

लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नाही. दाव्यातल्याच जमिनीबद्दलची तडजोड असल्याने वेगळी नोंदणीही लागली नाही. निवाड्याची नक्कल घेऊन तलाठ्याकडे गेलो, नोटिशीची मुदत गेली, हरकत आली नाही, मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला.

त्यानंतर मी कॉलेजात आमच्या बाईंना भेटले आणि एक मागणं घातलं. पक्षकाराच्या मुलाखतीच्या सरावाला खोटी हकिगत नको, खरे कागद द्या. नावं खोडलेले दोन फेरफार, एक सातबारा, एक लग्नपत्रिका आणि एक मृत्यूचा दाखला. पक्षकार बनणाऱ्याने साल सांगायचं नाही, पूर, बारसं, दुष्काळ एवढंच सांगायचं. तारखा विद्यार्थ्याने काढायच्या आणि हिस्से मांडायचे. बाई तयार झाल्या. यंदाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तो सराव मीच दिला. तारखा बहुतेकांनी काढल्या, २०२०चा निकालही बरोबर लावला, पण निम्म्या वह्यांत आईचा हिस्सा धरायचा राहिला होता. पुढच्या तासाला सरांनी हिराबाई मगदूम पुन्हा पहिल्यापासून घेतल्या.